मागून गवत सोडणाऱ्या 5 फुटी मोवरबद्दलच्या (ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापणारं यंत्र) 2 स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय आणि सोबतचे तिन्ही फोटो नीट पाहिले. तुमच्या तक्रारी तीन आहेत. कापलेलं गवत मागे गठ्ठ्यांनी पडतं आणि दोन दिवसांत पिवळं पडून लॉन डागाळतं. ट्रॅक्टरच्या चाकांच्या रेषेत गवत उभं राहतं. आणि आम्ही बाजूने गवत फेकणारा, म्हणजे साइड डिस्चार्ज मोवर द्यायला हवा होता, मागून सोडणारा गळ्यात मारला. हेच प्रश्न मोवर घेऊ पाहणाऱ्या इतरांनाही पडतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी निवडीबद्दल. तुमच्या कृषी पर्यटन केंद्रात लॉनच्या एका अंगाला पार्किंग आहे, दुसऱ्या अंगाला खोल्यांच्या काचा, मध्ये आंब्याची झाडं आणि खाली मुरमाच्या पायवाटा. साइड डिस्चार्ज डेकमध्ये (डेक म्हणजे पाती झाकणारा लोखंडी सांगाडा) तिन्ही पाती एकाच दिशेने फिरतात आणि सगळं गवत उजवीकडच्या एकाच तोंडातून बाहेर पडतं. गवतासोबत पायवाटेवरचा खडाही त्याच तोंडातून, त्याच वेगाने निघतो. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 80 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तासाला जवळजवळ 290 किलोमीटर. गाडीची काच आणि पाहुण्याचा पाय यांच्या बाजूला असं तोंड उघडं ठेवायला आमची तयारी नव्हती, आजही नाही. मागून सोडणाऱ्या डेकला मागे पूर्ण रुंदीचं तोंड आणि त्यावर साखळ्यांचा पडदा असतो. त्यानेही खडा कधीतरी सुटतो, म्हणून माणसं लांबच ठेवायची, पण दोन्ही बाजू बंद राहतात.

दुसरं कारण झाडांचं. साइड डिस्चार्जचं झाकण उजवीकडे बाहेर आलेलं असतं, त्यामुळे बुंध्याजवळ फक्त डावी कड नेता येते आणि प्रत्येक ओळीला वळसा एकाच दिशेने घ्यावा लागतो. मागून सोडणारा डेक दोन्ही कडांनी बुंध्याला लागून जातो आणि उलट-सुलट कसाही चालवला तरी चालतो.

आता गठ्ठे. तुमच्या दुसऱ्या फोटोत दर तीन-चार फुटांवर एक सुटा गठ्ठा आहे, सलग रांग नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. सलग रांग पडते तेव्हा तोंडाला झेपेल त्याहून जास्त गवत आत येत असतं. सुटे गठ्ठे पडतात तेव्हा ओलं गवत डेकच्या आतल्या छताला चिकटतं, साचतं आणि वजन झालं की लोंबून खाली पडतं. ऑगस्टमधल्या पावसात 9-10 इंच वाढलेलं गवत एकदम अडीच इंचावर आणलं तर कोणत्याही डेकमध्ये हेच होणार. साइड डिस्चार्जमध्ये तर डाव्या पात्याचं गवत मधल्या आणि उजव्या पात्याखालून प्रवास करतं, म्हणून ते जास्त बारीक होतं खरं, पण इंजिनवर भार वाढतो आणि ओलं असेल तर 5 फुटांचं सगळं गवत उजवीकडच्या दीड-दोन फुटांत ओळीने पडतं. ती ओळ तुमच्या गठ्ठ्यांपेक्षा जाड असते.

तुमच्या मोवरवर मला जास्त खटकलं ते पहिल्या फोटोत. डेकच्या मागच्या दोन चाकांचे ठसे ओल्या मातीत खोल आहेत, पुढच्या चाकांचे जवळजवळ नाहीतच. म्हणजे हायड्रॉलिकचा लिव्हर अर्धवट वर आहे आणि डेकची पुढची बाजू वर उचललेली आहे. अशा वेळी मागची कड जमिनीला टेकायला येते आणि गवत बाहेर पडायची जागाच आवळली जाते. बाजूने फेकणाऱ्या डेकला ही चूक काही प्रमाणात खपते, मागून सोडणाऱ्याला अजिबात खपत नाही. हा डेक स्वतःच्या चार चाकांवर चालायला हवा; ट्रॅक्टरने त्याला फक्त ओढायचं असतं.

मांडणी अशी करा. सपाट काँक्रीटवर ट्रॅक्टर लावा, मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा. लोअर लिंकचा (डेक उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांचा) लिव्हर पूर्ण खाली सोडा. टॉप लिंक (वरचा जोडदांडा) इतकी ढिली करा की तिची पिन खाचेच्या मधोमध राहील. मग जमीन वर-खाली झाली तरी डेक मोकळा हलतो. चेक चेन (खालच्या दांड्यांना बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या) इतक्या आवळा की डेक बाजूला 2-3 सेंटिमीटरपेक्षा जास्त झुलणार नाही. आता पीटीओ (इंजिनची ताकद मोवरला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) बंद, इंजिन बंद, चावी खिशात, डेकखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका. जाड हातमोजे घालून पातं पुढे-मागे फिरवा आणि त्याच्या टोकाची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा 6 ते 10 मिलिमीटर खाली हवं. नसेल तर चाकांच्या दांड्यावरचे स्पेसर (अंतर ठेवणारे तुकडे) वर-खाली करा. डावी-उजवी चाकं मात्र अगदी सारखी ठेवा, नाहीतर लॉनवर पायऱ्या पडतात.

पीटीओचा वेगही तपासा. हा गिअरबॉक्स 540 आरपीएमसाठी, म्हणजे मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी आहे. त्या वेगाला पाती 2,900 च्या आसपास फिरतात. डिझेल वाचवायला रेस कमी केली आणि पीटीओ 400 वर आला की पाती 2,150 वर येतात. पात्याच्या मागच्या वळलेल्या पंखाने जो वारा तयार होतो, त्याचा जोर वेगाच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे जवळपास निम्म्यावर येतो. तो वाराच गवत उभं करतो आणि बाहेर ढकलतो. टॅकोमीटरवर (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर) 540 ची खूण कुठे आहे ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा आणि रेस तिथेच ठेवा. वेग कमी करायचा असेल तर गिअर खालचा टाका. दाट गवतात ताशी 3 ते 4 किलोमीटर पुरे. मिनी ट्रॅक्टरला पीटीओचा दुसरा, जास्त वेगाचा गिअर असेल तर तो या डेकला कधीच लावू नका. बेअरिंग आणि बेल्ट तर जातीलच, पण पातं तुटण्याचा धोका आहे.

चाकांच्या रेषेत उभं राहणारं गवत याच वाऱ्याशी जोडलेलं आहे. टायरने दाबलेलं गवत डेक येईपर्यंत उठत नाही. ते ओढून उभं करायला वारा लागतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत टोकं फाटून पांढरी झालेल्या गवताच्या काड्या दिसतात, म्हणजे पात्यांची धारही गेली आहे. धार 30 अंशाच्या आसपास लावून घ्या, तिन्ही पात्यांचा तोल खिळ्यावर टांगून बघा, आणि बसवताना पंख डेकच्या छताकडे ठेवा. पंख खाली बसला तर वारा उलटा जातो. अगदी आखूड वळणावर पात्यांच्या मधल्या जागेत बारीक पट्टी राहू शकते, कारण मधलं पातं बाकी दोघांच्या पुढे असतं. तिथे वळण मोठं घ्या आणि शेजारच्या पट्ट्यावर 15 सेंटिमीटर चढून चाला.

पावसाळ्यात दोन फेऱ्या करा. पहिली 4-5 इंचावर, गवत दुपारनंतर कोरडं झाल्यावर. एक-दोन दिवसांनी आडव्या दिशेने दुसरी 3 इंचावर. एरवी, गवत इतकं वाढलेलं नसताना, एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका. काम झालं की डेकचं छत लाकडी पट्टीने खरवडा; हरळीचा थर वाळला की दगडासारखा होतो आणि पुढचं गवत त्यालाच चिकटतं. गाजर गवताची जाड खोडं किंवा लव्हाळ्याचे गुडघाभर झुबके यात घालू नका, ते स्लॅशरचं (जाड, उंच गवत तोडणाऱ्या यंत्राचं) काम आहे.

साइड डिस्चार्ज कोणाला द्यावा, तेही सांगतो. मोठं मोकळं मैदान, आजूबाजूला माणूस-गाडी नाही, आठवड्याला कापणी होते, तिथे तो उत्तम. पहिल्या दोन फेऱ्या उजवीकडे वळत घ्यायच्या म्हणजे गवत कुंपणावर न जाता आत पडतं, मग दिशा उलटवून कापलेल्या भागावर फेकायचं. फळबागेत गवत झाडाच्या ओळीत आच्छादन म्हणून हवं असेल तरीही तोच. फक्त ठिबकच्या नळ्या आणि कोवळ्या साली दगडांपासून सांभाळायच्या. तुमच्या बागेत खाली मुरूम आहे, म्हणून तो मार्ग आम्ही सुचवला नाही.

तिन्ही पाती काढून दुकानात आणा, धार आणि तोल बिनपैशात करून देऊ. काढण्यापूर्वी प्रत्येकावर कोणत्या जागेचं आहे ते खडूने लिहा. आमचा मेकॅनिक तुमच्याकडे येऊन डेकची मांडणी लावून देईल. त्यानंतरही कोरड्या गवतात गठ्ठे राहिले, तर त्याच मापाचा साइड डिस्चार्ज डेक आणून दोन्ही तुमच्याच लॉनवर शेजारी-शेजारी चालवू, त्या दिवशी पार्किंग रिकामं ठेवून. जो पटेल तो ठेवा; बदलून घेतलात तर फरकाचेच पैसे लागतील.