साक्षीच्या व्हिडिओत आधी आवाज, मग चित्र

सर्वांना सलाम.

चर्चच्या उपासनेत साक्षीचे, म्हणजे एखाद्याने देवाचा आपल्या आयुष्यातला अनुभव सांगितलेले, व्हिडिओ दाखवावेत का, यावर अनेक मंडळ्यांत वाद होतो. मी दाखवावेत याच बाजूचा आहे. अंथरुणाला खिळलेली आजी, नेमकी रविवारी ड्यूटी लागणारी नर्स, पुलपीटसमोर उभं राहिलं की शब्दच न फुटणारा तरुण, या सगळ्यांची साक्ष मंडळीने ऐकावी यासाठी हा मार्ग चांगलाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हे व्हिडिओ बघण्यासाठी बनवतो, ऐकण्यासाठी नाही.

ड्रोनने घेतलेलं गाव, हळूहळू उमलणारं शीर्षक, आणि माणूस बोलायला लागला की खालून पियानो. डोळे भरून आले की पियानो चढतो. हे मला फार खटकतं. पवित्र आत्म्याने जे काम करायचं ते आपण कीबोर्डवर सोपवतो आहोत. जुन्या साक्षी आठवा. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा. आपण विश्वासापर्यंत कसे पोहोचलो ते त्यांनी पुढे सविस्तर लिहून ठेवलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी विश्वासात आल्या. सोवळ्याओवळ्याची ओढ, नवऱ्यावरचा राग, मनातली घालमेल, लक्ष्मीबाईंनी लिहिताना काहीच झाकलं नाही. म्हणून त्यांचं लिहिणं आजही थेट भिडतं. आणि आपण बोलणाऱ्याचा अडखळलेला श्वाससुद्धा एडिटिंगमध्ये कापून टाकतो! तो थांबतो तिथेच तर साक्ष असते. राहू द्या ती शांतता.

आता कामाचं. आपली जुनी दगडी चर्च, उंच छत, गाण्याला सुंदर, पण बोलणं तिथे घुमतं. त्यात रेकॉर्डिंगच रिकाम्या हॉलमध्ये, सहा फुटांवर ठेवलेल्या मोबाइलवर केलेलं असेल, तर एका घुमण्यावर दुसरं घुमणं चढतं आणि मागच्या बाकांवर नुसता गलका पोहोचतो. मागच्या बाकांवर बहुतेक वेळा म्हातारी माणसं असतात. कॅमेरा लांब असला तरी चालेल, माइक तोंडाजवळ हवा: साधा कॉलर माइक, हनुवटीच्या खाली वीतभर. पंखा बंद करा. गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेली घरातली लहान खोली कुठल्याही हॉलपेक्षा बरी. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाते.

दाखवताना लॅपटॉपच्या हेडफोनच्या पिनमधून साउंड मिक्सरला वायर जोडली की बऱ्याचदा घूं असा आवाज येतो. चार्जर काढून पाहा, तेवढ्याने गेला तर गेला. नाहीतर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे असा घूं आवाज अडवणारी छोटी पेटी, लावा. ब्लूटूथवर आवाज पाठवूच नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. उपासनेआधी पूर्ण व्हिडिओ लावून शेवटच्या बाकावर बसून ऐका, आणि लक्षात ठेवा, चर्च भरलं की माणसं आवाज शोषतात, तेव्हा थोडा वाढवावा लागतो. खाली मोठ्या अक्षरांत मराठी ओळी असाव्यात. ज्यांना कमी ऐकू येतं ते आपल्याला तसं सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट, आणि ही माझ्या दृष्टीने माइकपेक्षा मोठी. ज्या बहिणीने नवऱ्याच्या दारूबद्दल, स्वतःच्या आजाराबद्दल सांगितलं, तिने ते आपल्या मंडळीसमोर सांगितलं. यूट्यूबवरच्या लाइव्हसाठी नाही. तिच्या माहेरी, सासरी, कामाच्या ठिकाणी तो तुकडा फिरला तर त्याचे परिणाम तिने एकटीने भोगायचे का? मंडळीत दाखवायची आणि लाइव्हवर टाकायची, अशी दोन्हींची परवानगी वेगवेगळी विचारा. तयार व्हिडिओ आधी तिला दाखवा, आणि नको म्हणाली तर कारण न विचारता काढून टाका. तिची साक्ष सुरू असेल तेवढा वेळ लाइव्ह बंद ठेवायला ऑपरेटरला दोन बटणं दाबावी लागतात, एवढंच.

पास्टोरेट कमिट्यांमध्ये, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांमध्ये, सध्या प्रोजेक्टर बदलून एलईडी भिंत घ्यायची चर्चा जोरात आहे. त्या खर्चाच्या अगदी लहान हिश्श्यात एक बरा कॉलर माइक, एक डीआय बॉक्स येतो, आणि तरुण संघातल्या दोघातिघांना मिक्सर नीट शिकवता येतो. या वर्षीच्या बजेटमध्ये आधी ते घ्या. एलईडीचा ठराव पुढच्या वर्षी आणला तरी चालेल.