नाशकात मेटल होत नाही म्हणे

आमच्या जुन्या गिटारवाल्या ग्रुपवर अधूनमधून एकच वाद पेटतो, नाशकात राहून मेटल (हेवी मेटल संगीत) गिटारिस्ट होता येत नाही, सीन नाही, गिग नाहीत, इन्स्पिरेशन कुठनं आणायचं, पुणे-मुंबई नाहीतर सरळ बंगलोर गाठा. आणि मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला, म्हणजे ॲट द गेट्स, इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी या मेटल बँड्सच्या गावात राहतो म्हटल्यावर शेवटी मलाच टॅग करतात, सांग रे तिकडे कसं असतं.

तर ऐका, इथल्या हवेत काही नाहीये. इथे आहे ती खोली. ए बी एफसारख्या (कामगार चळवळीतल्या) लोकशिक्षण संस्था सरकारी अनुदानावर चालतात, पोरांनी बँड काढला की तो अभ्यासमंडळ म्हणून नोंदवायचा आणि स्वस्तात रिहर्सल रूम मिळते. (2024 पासून त्या अनुदानालाही कात्री लागलीये, त्यामुळे बोंबाबोंब इथेही आहेच.)

खोली का, तर घरात हेडफोन लावून लॅपटॉपवर बॅकिंग ट्रॅकसोबत वाजवताना आपण सगळेच भारी असतो. गेन (अँपवर आवाज फाडणारं बटण) एवढा चढवलेला असतो की पिक हळू लागला काय नि जोरात लागला काय, सगळं एकसारखंच ऐकू येतं. समोर जिवंत ड्रमर बसला की कळतं आपला पामम्यूट (तळहात तारांवर टेकवून काढलेला दबका ठोका) किक ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या मागे रेंगाळतोय आणि थांबायचं तिथे तार वाजतच राहतीये. मिनिटाला 120 बीटच्या टेम्पोला एका बीटमध्ये चार स्ट्रोक म्हणजे सेकंदाला 8 स्ट्रोक, तिथे गोंधळ झाला तर 80 वर या, गेन निम्मा करा, आणि रिफमधल्या (पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यातल्या) रिकाम्या जागांवर डाव्या हाताची बोटं तारांवर हलकेच टेकवून आवाज कापायची प्रॅक्टिस करा. हे कुणी करत नाही, सगळ्यांना सोलो पाहिजे.

इन्स्पिरेशनचं म्हणाल तर स्वीडनमधल्याच उमेओच्या मेशुगा बँडचं घ्या, गिटार आणि किक विषम मात्रांचा तुकडा फिरवत राहतात, झांज मात्र चार मात्रांत चालू, मग काही आवर्तनांनी सगळे एकत्र येतात. तबल्यातली तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) ऐकत वाढलेल्या पोराला समेवर येणं काय नवीन आहे का राव? आणि नाशिक ढोल? गणपतीच्या आधी पथकं मोकळ्या मैदानात रोज घाम गाळतात, त्यांना कुणी म्हणत नाही पुण्याला जा म्हणून.

सोसायटीवाले ओरडतात हे मात्र खरंय, आणि त्यांचंही चूक नाही. मग अंबड-सातपूरला एमआयडीसीत एखादा गाळा बघा ना, संध्याकाळनंतरचा, तीन-चार बँडनी भाडं वाटून घ्या, जुना ड्रमसेट टाका. मेटल सुरू झालं तेच इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या गावात, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातच गेली, मग त्याने प्लास्टिक वितळवून टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं. तो सीन शोधत बसला नव्हता.

माझा जुना अँप कॉलेज रोडच्या घरी माळ्यावर पडलाय. गाळा ठरला की घेऊन जा, फ्यूज बदलावा लागेल बहुतेक, आणि जायच्या आधी आईला फोन करा.