‘इंजिन बदललंच आहे, तर 288 चा कॅम टाका’: हा सल्ला कुठे चुकतो

जिप्सीत बलेनोचं 1590 सीसी इंजिन बसवणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘288 ड्युरेशनचा कॅम टाक, बाकी कशाला हात लावू नकोस. आयडलला गाडी डुगडुगली की समज कॅम बसला.’ (कॅम म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा. ड्युरेशन म्हणजे वॉल्व्ह उघडा असताना क्रँक किती अंश फिरतो ते. आयडल म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा संथ वेग.) सल्ल्यातल्या या तीनही गोष्टी चुकीच्या आहेत. शिवाय त्या ऐकून एखाद्याचं चांगलं इंजिन वाया जातं.

‘मोठा कॅम, जास्त पॉवर.’ ही पॉवर वरच्या आरपीएमला मिळते आणि तिची किंमत खाली मोजावी लागते. 240 अंशांच्या कॅमची इनटेक सेंटरलाइन (पिस्टन टॉपला, म्हणजे सर्वांत वर, असल्यापासून किती अंशांवर इनटेक वॉल्व्ह पूर्ण उघडतो ते) 110 असेल, तर पिस्टन तळाला जाऊन क्रँक 50 अंश फिरल्यावर इनटेक वॉल्व्ह बंद होतो. त्याच सेंटरलाइनवर 288 चा कॅम 74 अंशांवर बंद करतो. तोवर पिस्टन बराच वर आलेला असतो, आणि कमी आरपीएमला आत आलेली हवा तो परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागे जिप्सी दोन-अडीच हजार आरपीएमवरच चालते. नेमका तिथलाच जोर जातो. तो परत आणायला कॉम्प्रेशन वाढवावं, तर पंपावरच्या साध्या पेट्रोलच्या ऑक्टेनला मर्यादा आहे. मे महिन्यात परभणी 43 अंशांवर असताना इंजिन नॉक करणारच (मिश्रण अवेळी पेटून ठोके येणार).

शिवाय 288 हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कुणी तो 0.1 मिमी लिफ्टवर (वॉल्व्ह तेवढा उचलला गेल्यापासून) मोजतो, कुणी आणखी कशावर. दोन कॅमची तुलना 1 मिमी लिफ्टवरच्या ड्युरेशननेच करा. ज्याच्याकडे हा आकडा नाही, त्याचा कॅम घेऊ नका.

‘डुगडुगली की बसला.’ डुगडुगण्याचं कारण ओव्हरलॅप: इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे. 240 चा कॅम आणि 112 लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) असेल तर तो 16 अंश येतो. 288 आणि 108 ला 72. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, ब्रेक बूस्टर कमजोर होतो, पेडल दगडासारखं लागतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला वाटतं की इंजिनवर लोड आलाय, म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो. न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये गेली की ऑक्सिजन सेन्सरही मिश्रण पातळ समजून आणखी पेट्रोल मागतो. प्लग काळे पडतात. मूळ ईसीयू ठेवून असा कॅम चालत नाही. ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता (मॅप) नव्याने बनवावा लागतो. (छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर आहे. तिथे व्हॅक्यूम गेज दीड-दोन इंच कमीच दाखवतं, तो दोष कॅमचा नाही.)

‘बाकी कशाला हात लावू नकोस.’ सगळ्यात महागात पडतं ते हेच. भंगारातून आलेल्या इंजिनाचं हेड (वॉल्व्ह असलेला वरचा भाग) बहुधा एकदा तरी घासलेलं असतं. हेड घासलं की वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो आणि बेल्टवरचा कॅम मागे पडतो. म्हणून व्हर्नियर पुली (कॅमचा कोन बदलता येणारी), डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारं) आणि डायल गेज (लिफ्ट मोजणारं) लावून टायमिंग बसवा. नंतर हलकी स्प्रिंग लावून इंजिन हाताने फिरवा. टॉपनंतर 10-15 अंशांवर इनटेक आणि टॉपआधी 10-15 अंशांवर एक्झॉस्ट वॉल्व्ह हाताने दाबून अंतर मोजा. इनटेकला किमान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी हवं. हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर (ऑइलच्या दाबाने गॅप भरणारे) असतील तर ते दबतात आणि माप खोटं येतं. तपासणीपुरते न दबणारे (सॉलिड) बसवा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे चिकटण्याआधी एकूण 1 ते 1.5 मिमी मोकळीक राहिली पाहिजे. रिटेनर (स्प्रिंगची टोपी) आणि वॉल्व्ह सीलमध्येही 1.5 मिमी ठेवा.

लेथवर घासून ‘बनवलेला’ कॅम घेत असाल तर एक ध्यानात ठेवा: त्यात लिफ्ट वाढते ती बेस सर्कल (लोबचा गोल तळ) लहान करून. रॉकरला स्क्रू असतील तर टॅपेट (वॉल्व्हची गॅप) सेट करता येतं, पण वरचा कडक थर निघून गेला असेल तर लोब लवकर झिजतो.

रोजच्या जिप्सीला 250-260 ड्युरेशन आणि 110-112 सेपरेशन पुरे. मोठे टायर लावले असतील तर आधी डिफरन्शियलचं गुणोत्तर पाहा, त्याचा फरक कॅमपेक्षा लवकर जाणवतो.

कॅम बसवताना लोबवर मॉलिब्डेनम पेस्ट लावा. पहिल्या स्टार्टला आयडलवर ठेवू नका. 2000 ते 2500 आरपीएम 20 मिनिटं ठेवा, मग ऑइल व फिल्टर बदला. 500 किमीनंतर टॅपेट पुन्हा तपासा. एखाद्याची गॅप वाढलेली दिसली तर तो लोब खाल्ला जातोय.