‘गर्भपातावर बंदी घाला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. धर्म, विज्ञान आणि अर्थशास्त्र या तिघांनीही गर्भपाताविरुद्ध एकमताने निकाल दिला आहे, असा त्याचा दावा. मुद्दे थोडक्यात असे: जगातल्या सगळ्या धर्मांनी गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून गर्भपाताला खून मानलं आहे. ‘आईच्या जिवाला धोका’ ही डॉक्टरांनी काढलेली पळवाट आहे. कायद्याने बंदी घातली की गर्भपात थांबतात. गर्भपातांमुळे देश लाखो कामगार आणि करदाते गमावतो. गर्भपात केलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर होतो आणि ती आयुष्यभर नैराश्यात जगते. मुलींची संख्या घटली ती गर्भपातामुळेच. आणि शेवटी, नवऱ्याच्या सहीशिवाय केलेला गर्भपात हा गुन्हा आहे.

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर माझी मावसबहीण होती. तिच्या पोटातल्या बाळाची कवटीच तयार झालेली नाही, हे सोनोग्राफीत कळलं आणि तिने व तिच्या नवऱ्याने गर्भपाताचा निर्णय घेतला. मूल दोघांनाही हवं होतं. मेसेजमध्ये तिच्यासारख्या बायकांसाठी ‘खुनी’ हा शब्द चार वेळा आला आहे, आणि खाली घरातल्याच माणसांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या. तिने ग्रुप सोडला. तिला विचारून हे लिहिते आहे. पाठवणाऱ्यांना तिच्याबद्दल माहीत नव्हतं, असं मला सांगण्यात आलं. माहीत नसेलही. पण असं काही पुढे पाठवण्याआधी ते खरं आहे का, एवढं तरी पाहायला हवं होतं.

बंदीचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ‘बंदी घाला, गर्भपात थांबतील, लोकसंख्या तरुण राहील, देश श्रीमंत होईल.’ हे एका देशाने तेवीस वर्षं करून पाहिलं आहे.

रुमेनियात 1957 पासून गर्भपात कायदेशीर होता. ऑक्टोबर 1966 मध्ये तिथला हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याच्या सरकारने 770 क्रमांकाचा हुकूम काढून तो बंद केला. कारण तेच, जे या मेसेजमध्ये आहे: देशाला माणसं हवीत, हात हवेत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या किंवा चार मुलं असलेल्या बायका, बलात्कार, जिवाचा धोका, गंभीर आनुवंशिक आजार असे मोजके अपवाद ठेवले. गर्भनिरोधक साधनं मिळेनाशी झाली. मूल नसलेल्यांवर जादा कर बसला. 1980 च्या दशकात तर कारखान्यांमध्ये बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या होऊ लागल्या, कोण गरोदर आहे आणि कोणाचा गर्भ मधेच नाहीसा झाला यावर पाळत ठेवण्यासाठी.

पहिल्या वर्षी आकडे सरकारच्या मनासारखे आले. 1966 मध्ये दर हजारी 14.3 असलेला जन्मदर 1967 मध्ये 27.4 झाला, म्हणजे जवळपास दुप्पट. एवढंच पाहिलं तर बंदी लागू पडली असं वाटेल. पण नंतर तो उतरत गेला आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जिथून निघाला होता तिथेच येऊन पोचला. हुकूम कायम, पाळत कायम, तरीही. बायकांनी वाटा शोधल्या होत्या: चोरून, अंधारात, मिळेल त्या वस्तूने, मिळेल त्या माणसाकडून. रक्तस्राव सुरू झाला तरी दवाखान्यात जायची भीती, कारण तिथे चौकशी होणार. 1966 मध्ये एक लाख जन्मांमागे साधारण 85 माता मरत होत्या; 1989 मध्ये तो आकडा 170 च्या घरात गेला. युरोपात इतकं वाईट कुठेच नव्हतं. यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त मृत्यू गर्भपाताशी जोडलेले होते. बंदीच्या काळात असे सुमारे 10,000 मृत्यू झाले असा अंदाज आहे.

डिसेंबर 1989 मध्ये चाउशेस्कूची सत्ता कोसळली आणि नव्या सरकारने अगदी पहिल्या दिवसांतच हा हुकूम रद्द केला. 1990 मध्ये मातामृत्यूंचा आकडा निम्म्यावर आला. एका वर्षात नवी इस्पितळं उभी राहिली नव्हती, डॉक्टर तेच होते, औषधांचा तुटवडा तसाच होता. बदलला होता तो कायदा. माझ्या मते या एका आकड्यापुढे मेसेजमधला बंदीचा सगळा युक्तिवाद संपतो.

आणि जी मुलं जन्माला आली त्यांचं काय झालं? सत्ता कोसळल्यावर जगाने रुमेनियाची अनाथालयं पाहिली. एक लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये होती, त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. त्यांना सांभाळणं परवडत नव्हतं. एका खाटेवर अनेक मुलं, उचलून घ्यायला कोणी नाही, बोलणारं कोणी नाही. त्यातल्या कितीतरी मुलांची शरीरं आणि मेंदू कायमचे खुंटले, आणि त्यांच्यावर पुढे दशकानुदशकं संशोधन होत राहिलं. ‘न जन्मलेली मुलं म्हणजे देशाची बुडालेली संपत्ती’ असं मेसेजमध्ये लिहिलं आहे. ते लिहिणाऱ्याने मूल म्हणजे वाढवावं लागणारं माणूस आहे हा विचारच केलेला नाही.

आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 7 कोटी 30 लाख गर्भपात होतात आणि त्यांतले 45 टक्के असुरक्षित असतात. कडक कायदे असलेल्या देशांत गर्भपाताचं प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आहे असं दिसत नाही. तिथे बायका मरण्याचं प्रमाण मात्र जास्त आहे.

अर्थशास्त्राचं उरलेलं दोन ओळींत उरकते. मेसेजमध्ये म्हातारे होत चाललेल्या देशांची यादी आहे आणि दोष गर्भपाताला दिला आहे. त्या यादीत दक्षिण कोरिया आहे. दक्षिण कोरियात 1953 पासून गर्भपात फौजदारी गुन्हा होता. 1973 नंतर थोडे अपवाद आले, आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली ती 2019 मध्ये. त्याआधीच, 2018 मध्ये, तिथला जननदर बाईमागे एका मुलाच्याही खाली गेला होता. पोलंडने 2020 च्या न्यायालयीन निकालानंतर गर्भपात जवळपास बंदच केला, तरी तिथला जननदर घसरतच राहिला. घर, नोकरी, पाळणाघर आणि बाईच्या डोक्यावरचं काम यांचा विचार केल्याशिवाय लोकसंख्येवर बोलणाऱ्यांचं मी ऐकून घेणार नाही.

आता ‘आईच्या जिवाचा धोका ही पळवाट आहे’ हे वाक्य. माझ्या रागाचं खरं कारण हेच आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला तर तो जगू शकत नाही. ती नळी फुटली तर पोटात रक्त साचून बाई काही तासांत दगावू शकते. गर्भजल वेळेच्या फार आधी गेलं आणि गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला, तर गर्भ बाहेर काढल्याखेरीज तो आटोक्यात येत नाही. काही हृदयविकारांत गरोदरपणच जिवावर बेतणारं असतं. कुठल्याही प्रसूतितज्ज्ञाला विचारा, तो अशी उदाहरणं बोटांवर मोजून दाखवेल.

आणि एक नाव इथे घ्यायलाच हवं. सविता हलप्पनवार. मूळची बेळगावची, व्यवसायाने दंतवैद्य, वय 31, नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये राहणारी. ऑक्टोबर 2012 मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात आपोआप सुरू झाला. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने गर्भ काढून टाका अशी विनंती केली. बाळाचे ठोके अजून चालू आहेत म्हणून नकार मिळाला. आयर्लंडच्या घटनेत 1983 पासून आईच्या आणि गर्भाच्या जिवाला सारखा दर्जा होता. ‘हा कॅथलिक देश आहे’ असंही तिला तिथे ऐकावं लागलं. ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. 28 ऑक्टोबरला ती गेली. नंतरच्या चौकशीत तिच्या प्रकृतीवर नीट लक्ष ठेवलं गेलं नाही हे निघालं, पण ठोके थांबण्याची वाट पाहत बसणं हेही कारण म्हणून नोंदवलं गेलं. बाळ तर वाचणारच नव्हतं. मे 2018 मध्ये आयर्लंडच्या 66.4 टक्के मतदारांनी ते घटनाकलम काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. ज्यांना हा धोका पळवाट वाटतो, त्यांनी सविताच्या आईवडिलांसमोर हे वाक्य उच्चारता येईल का याचा विचार करावा.

धर्माबद्दल. ‘सगळे धर्म, पहिल्या क्षणापासून, खून’ या तीनही गोष्टी एकत्र खऱ्या नाहीत. आपल्या धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला घोर पाप म्हटलं आहे हे खरं, आणि ते मी नाकारत नाही. पण जीव गर्भात कधी येतो यावर आपल्याच ग्रंथांत एकवाक्यता नाही. चरकसंहिता शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांच्या संयोगालाच गर्भ म्हणते, म्हणजे जीव सुरुवातीपासूनच. गर्भोपनिषद सांगतं की सातव्या महिन्यात गर्भ जीवाशी संयुक्त होतो. इस्लाममध्ये 120 दिवसांनी गर्भात रूह, म्हणजे आत्मा, फुंकली जाते असं बहुसंख्य जाणकार मानतात. त्याआधी गर्भपात चालतो का यावर पंथापंथांत मतभेद आहेत, आणि त्यानंतरही आईचा जीव वाचवण्यासाठी मुभा देणारे अनेक आहेत. यहुदी परंपरेत तर मिश्ना या प्राचीन धर्मग्रंथात स्पष्टच लिहिलं आहे की बाळंतपणात बाई अडली तर गर्भ तुकडे करून काढावा, कारण तिचा जीव आधी. बाळ अर्ध्याहून जास्त बाहेर आलं असेल तर मात्र हात लावू नये. कॅथलिक चर्च आज ठाम विरोधात आहे, पण तिथेही थॉमस अक्वायनससारखा संत-तत्त्वज्ञ आत्मा नंतर येतो असंच मानत होता. गर्भपात त्यालाही पापच वाटे, फक्त सुरुवातीच्या काळात खुनाइतकं नाही. चर्चमधून बहिष्कृत करण्याच्या शिक्षेत आत्मा येण्याआधीचा गर्भपात आणि नंतरचा गर्भपात असा फरक होता, तो पोप नववे पायस यांनी 1869 मध्ये काढून टाकला. म्हणजे हजारो वर्षं माणसं या प्रश्नाशी झगडत आली आहेत. त्या सगळ्या विचाराला एका ओळीत गुंडाळणं हा धर्माचाही अपमान आहे.

गर्भ म्हणजे काहीच नाही, असं माझं म्हणणं नाही. माझ्या बहिणीला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पहिल्या क्षणापासून तो जीव आहे अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात ती जरूर पाळावी. त्यासाठी मोठी किंमत मोजणारी माणसं मला आदरणीय वाटतात. पण ती किंमत दुसऱ्या बाईच्या शरीरातून, तिच्या संमतीविना, कायद्याच्या जोरावर वसूल करता येते का, हा प्रश्न मेसेजने विचारलेलाच नाही.

कॅन्सरचा मुद्दा साफ खोटा आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 16 देशांतल्या 53 अभ्यासांची एकत्रित तपासणी आली. त्यात स्तनाचा कॅन्सर झालेल्या सुमारे 83,000 बायकांची माहिती होती. गर्भपाताने धोका वाढत नाही, हा निष्कर्ष. नैराश्याबद्दल अमेरिकेत सुमारे हजार बायकांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला: काहींना गर्भपात मिळाला, काहींना मुदत उलटली म्हणून नाकारला गेला. गर्भपात मिळालेल्यांचं मानसिक आरोग्य नाकारलेल्यांपेक्षा वाईट नव्हतं. नाकारलेल्या बायका मात्र कर्जात आणि गरिबीत जास्त अडकल्या. दुःख होत नाही असं कोणी म्हणत नाही. पण हवं असलेलं मूल गमावल्याचं दुःख आणि ‘खुनी’ म्हटल्याचं दुःख वेगळं असतं, आणि दुसरं आपण देतो.

मुलींचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, अनिच्छेने. लिंगनिदान करून मुलींचे गर्भ पाडले गेले, अजूनही पाडले जातात. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 945 मुली होत्या, 2001 मध्ये 927, 2011 मध्ये 920 च्याही खाली. हा गुन्हाच आहे, आणि महाराष्ट्राने त्यावर 1988 मध्येच कायदा केला, देशाने 1994 मध्ये. पण त्या कायद्यांनी लिंगतपासणी थांबवायचं ठरवलं, सरसकट गर्भपात नव्हे, आणि ते योग्यच होतं. मुलगी नको ही मागणी सासरहून आणि समाजातून येते, ती गर्भपात बंद करून जात नाही. उलट या गोंधळाची झळ भलत्यांनाच बसते. गर्भपाताच्या गोळ्या आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत देतात. तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. तरी कारवाईच्या धाकाने अनेक औषधदुकानदार त्या ठेवतच नाहीत.

राहिली नवऱ्याची सही. भारतात 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, वडिलांची, कोणाचीही सही कायद्याने लागत नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. 24 आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना दोघांच्या मताने मुभा आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही. तिचं नाव उघड करणं हाच गुन्हा आहे. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 24 आठवड्यांपर्यंतची मुभा अविवाहित बायकांनाही आहे असं स्पष्ट केलं. तरीही काही दवाखाने नवऱ्याची सही मागतात. मागितली तर कायद्यातलं कलम दाखवायला सांगा. तसं कलमच नाही.