‘परवाना असला की माळावर तितर मारता येतात’: खुलासा

सोलापुरात सध्या एक मजकूर फिरतोय: बारा बोअर (नळीच्या व्यासाचं माप) बंदुकीचा परवाना असेल तर सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, बंदूक घ्या, कुठलंही काडतूस घाला आणि माळावर तितर-लावे मारा. यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तितर, लावे त्यात येतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्याबाहेरही. शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. शिवाय सेमी-ऑटोमॅटिक बंदूक शस्त्र नियमांच्या वेगळ्या, निर्बंधित वर्गात मोडते. दुनळीचा परवाना तिला चालत नाही.

‘कुठलंही काडतूस’ हा सल्ला तर सरळ धोक्याचा. नळीवर १२-७० असा शिक्का असेल तर चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, ७० मिलिमीटरचं. ७६ चं काडतूस त्यात बसतं, आणि फसगत इथेच होते! ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. दुमडलेलं तोंड पूर्ण उघडायला पुढे जागाच उरत नाही, छर्रे अडतात नि दाब वाढतो.

उलट, २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं हलकं काडतूस नेमबाजीच्या मातीच्या तबकड्यांवर उत्तम, पण जड काडतुसासाठी बनवलेल्या बंदुकीत बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) पुरता मागे जात नाही आणि रिकामं टरफल अडकतं. गॅसवर, म्हणजे जळालेल्या दारूच्या वायूच्या दाबावर, चालणाऱ्या बंदुकीत काजळीने वायूची छिद्रं बुजली तरी हेच होतं. बार उडताना बसणाऱ्या मागच्या धक्क्यावर चालणारी बंदूक खांद्याला सैल धरली तरीही. तेव्हा बंदुकीला दोष देण्याआधी शिक्का, काडतूस आणि छिद्रं पाहा.