घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं?

साताऱ्यातल्या रायडर मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय : कासहून परतताना यवतेश्वर घाटात गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचतं. नाही वाचत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या. गिअरमध्ये थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण सोडला की त्यांतल्या बहुतेकांत पेट्रोलचा फवाराच थांबतो. इंजिन चाकाच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलला मात्र ते चालू राहायला पेट्रोल लागतंच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चार थेंब वाचत असतीलही, पण गाडीला मागे धरणारी इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर. त्यात मागे डबलसीट, सामान. ब्रेक तापले की पकड सुटते. चढताना लागला तोच गिअर उतरताना ठेवा. इंजिनच बंद करून उतरणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!