शोपीस नको, गिरणी चालू पाहिजे

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतली आमच्या आजोबांची पिठाची गिरणी परत चालू करायचं काम काढलंय, आणि फोटो टाकल्यापासनं निम्म्या लोकांचा एकच सल्ला, इंजिनाला रंग मार, हॉटेलच्या दारात ठेव, लोक सेल्फी काढतील. मला नाही पटत हे. गिरणी जपायची म्हणजे तिच्यातनं पीठ पडलं पाहिजे.

इंजिन लिस्टर टाईपचं, म्हणजे जुन्या धाटणीचं संथ चालणारं डिझेल इंजिन, सिंगल सिलेंडर, 6 हॉर्सपॉवर, 650 आरपीएम. पुढं लाईटची मोटर बसली आणि ते कोपऱ्यात गेलं. 2019 च्या महापुरात मोटर गेली, लाकडी कोठी फुगून फाटली, पण हे ओतीव लोखंड नुसतं जाम झालेलं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पिस्टन मोकळा केला, रिंगा बदलल्या, बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) लेथवर नवीन करून दिलं. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास जिथं सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या गावात बुश मिळत नाही असं होईलच कसं!

खरं काम दगडाचं हो. दाणा मधनं पडतो आणि खाचांतनं कापला जात जात कडेला येतो, त्या खाचा झिजल्या की दगड नुसता रगडतो, पीठ कढत येतं, करपल्यासारखा वास मारतं. म्हणून टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं दगडाच्या खाचा परत धारदार करायच्या. आमच्याकडं येणारे काका लाकडी पट्टीला गेरू लावून दगडावरनं फिरवतात, लाल लागलं तिथं उंचवटा, तिथंच छिन्नी, मग परत पट्टी, परत गेरू, असं तासन् तास, आणि मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

आणि कोण म्हणतं पाकिटातलं पीठ असताना गिरणी कशाला? चपातीचं चालून जाईल एकवेळ, पण शाळूत (ज्वारीत) गव्हासारखं ग्लुटेन नाही, पीठ जुनं झालं की विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, आणि भाकरी थापतानाच चिरते. ज्या घरात रोज भाकरी होते तिथं थोडं थोडं ताजं दळप लागतंच, ते गल्लीतच मिळायला पाहिजे.

दगड बसले की आधी स्वस्तातलं धान्य दळून टाकून देणार, टाकीची कच (दगडाची बारीक भुकटी) निघेपर्यंत. मग शाळू. टाकी लावायला शिकायचं असेल कुणाला तर इनबॉक्समधे सांगा, काका शिकवायला तयार आहेत, त्यांच्यामागं हे काम करणारं आमच्या बघण्यात दुसरं कुणी नाही.